वाचक, वाचिका आणि अपुऱ्या कादंबऱ्या

स्वतःच्या रचनेविषयी बोलणारी प्रयोगशील कादंबरी कोरडी असते, असा एक समज आहे. इतालो काल्व्हिनो या इटालियन लेखकाची ‘हिवाळ्यातल्या एका रात्री प्रवासी जर’ (१९७९) वाचावी, म्हणजे तो टिकत नाही. तिचा नायक आहे ‘तू’, म्हणजे वाचक. हातातल्या सदोष प्रतीची तक्रार घेऊन तो दुकानात जातो, तिथे तीच तक्रार घेऊन लुडमिला ही वाचिका आलेली असते. पुस्तकभर एकूण दहा कादंबऱ्या सुरू होऊन ऐन रंगात तुटतात. पुस्तकाचा शोध आणि लुडमिलाचा ध्यास मग वेगळे काढता येत नाहीत. शेवटी दोघांचं लग्नही होतं.

मला सर्वांत भिडतो तो एर्मेस माराना, खोटी पुस्तकं पसरवणारा अनुवादक. लुडमिला वाचनात बुडाली की तिच्यालेखी आपण उरत नाही, हे त्याला सोसत नाही. ही असूयाच साऱ्या गोंधळाच्या मुळाशी आहे. प्रेमातल्या एकटेपणाचं इतकं नेमकं निदान सरळ प्रेमकथांतही क्वचित सापडतं. सातव्या प्रकरणात तर ‘तू’ हे संबोधन तिच्याकडे वळतं, आणि ती व वाचक एकमेकांची शरीरं वाचू लागतात.