डॉक्सिसायक्लीन : मात्रा किती, कशासोबत नको

डॉक्सिसायक्लीन हे टेट्रासायक्लीन गटातले प्रतिजैविक. या गटातले पहिले औषध, ऑरिओमायसिन, अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत बेंजामिन डगर यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळवले. ते १९४८ मध्ये जगासमोर आले, आणि तेव्हा तिथल्या संशोधनाची सूत्रे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. डॉक्सिसायक्लीन फायझर कंपनीने १९६७ मध्ये बाजारात आणले. जिवाणूंच्या पेशीत प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमला ते चिकटते आणि ते काम थांबवते. जिवाणू लगेच मरत नाहीत, त्यांची वाढ खुंटते. उरलेली झुंज शरीराची प्रतिकारशक्ती देते.

महाराष्ट्रात या औषधाचा हंगाम म्हणजे पावसाळा. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात आलेले लेप्टोस्पायरा जिवाणू पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने लेप्टोची मोठी साथ पाहिली. कोकणात भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असणाऱ्यांनाही हाच धोका. प्रतिबंधाचा मुख्य पुरावा मात्र पनामातला आहे. तिथे प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी सैनिकांपैकी काहींना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लीन, तर बाकीच्यांना औषध नसलेली गोळी दिली गेली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्यांत एकाला लेप्टो झाला, न घेणाऱ्यांत वीस जणांना. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्या प्रौढाला २०० मिलिग्रॅमचा एकच डोस, तोही शक्यतो ७२ तासांच्या आत, देण्याची पद्धत आहे. पाण्याशी संबंध रोजचाच असेल तर आठवड्याला एक डोस दिला जातो.

उपचाराची मात्रा वेगळी. लेप्टो किंवा स्क्रब टायफसमध्ये प्रौढाला साधारणपणे १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. कॉलऱ्यात सलाइन आणि ओआरएसच्या जोडीला ३०० मिलिग्रॅमचा एकच डोस. मलेरिया टाळण्यासाठी रोज १०० मिलिग्रॅम, प्रवासाच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. अनेक आजारांत पहिल्या दिवशी दुप्पट मात्रा देतात, म्हणजे रक्तातली पातळी लवकर चढते. नंतर दिवसाला एक-दोन गोळ्या पुरतात, कारण रक्तातले औषध निम्म्यावर यायला १६ ते २२ तास लागतात. मूत्रपिंड निकामी असले तरी मात्रा सहसा कमी करावी लागत नाही. लेप्टोत मूत्रपिंडावरच घाला येत असल्याने हा गुण मोलाचा ठरतो.

गोळी कशी गिळली जाते यावरही बरेच अवलंबून आहे. अर्ध्या घोटावर गोळी ढकलून लगेच आडवे झाले, तर ती अन्ननलिकेत चिकटून तिथेच विरघळते. ती आम्लधर्मी असल्याने आतल्या अस्तरावर व्रण होतो आणि पुढचे काही दिवस घोटभर पाणी गिळतानाही छातीत कळ येते. म्हणून पेलाभर पाणी आणि त्यानंतर किमान अर्धा तास ताठ बसणे. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर जेवून घेतलेली चालते.

खरा घोळ धातूंचा. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त यांना डॉक्सिसायक्लीनचा रेणू आतड्यात घट्ट धरतो आणि ती जोडी रक्तात शोषली जात नाही. दुधाने जुन्या टेट्रासायक्लीनचे शोषण निम्म्याहून अधिक घटते, डॉक्सिसायक्लीनचे साधारण पाचव्या हिश्शाने. त्यामुळे कपभर चहातल्या दुधाची धास्ती नको. गोळी दुधाच्या पेल्यासोबत मात्र घेऊ नये. आम्लपित्तावर घेतली जाणारी जेलुसिल, डायजिनसारखी औषधे जास्त नडतात, कारण त्यांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पँटोप्राझोलमध्ये हे धातू नसतात, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

साठीतल्या एखाद्या बाईंच्या गोळ्यांच्या डब्यात कॅल्शियम असते, रक्तवाढीची गोळी असते आणि उशाशी आम्लपित्तावरच्या जेलची बाटली. कॅल्शियमची सोय सोपी आहे : डॉक्सिसायक्लीन सकाळी आठ आणि रात्री आठला, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. लोह इतके सरळ नाही. डॉक्सिसायक्लीनचा काही भाग रक्तातून पित्तावाटे व आतड्याच्या भिंतीतून पुन्हा आतड्यात उतरतो, आणि तिथे लोह त्याला गाठते. वेळा लांब ठेवल्या तरी थोडे नुकसान होतेच. आठवडाभराच्या उपचारापुरते लोह थांबवावे का, हे डॉक्टरांना विचारणे बरे. पावसाळ्यात डॉक्सिसायक्लीनची गोळी हातावर ठेवली जाते तेव्हा ‘आणखी काय चालू आहे?’ हा प्रश्न सहसा राहून जातो.

औषधांनी एकमेकांना नडण्याचा दुसरा मार्ग यकृताचा. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही फिट्सवरची औषधे आणि क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन यकृताला वेगाने कामाला लावतात. फिट्सची औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत रक्तातले डॉक्सिसायक्लीन निम्म्यावर यायला लागणारा वेळ सात-आठ तासांवर आल्याचे आढळले आहे. नियमित मद्यपानानेही तो घटतो. अशा रुग्णांत डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा औषधच बदलतात.

उलट्या दिशेने, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम डॉक्सिसायक्लीनमुळे वाढतो. हिरड्यांतून रक्त येऊ शकते, म्हणून रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी लवकर करावी लागते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असताना डॉक्सिसायक्लीन देत नाहीत. दोन्हींमुळे मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. डोके ठणकते, नजर धूसर होते. पेनिसिलीन वाढत्या जिवाणूंवरच नीट काम करते आणि डॉक्सिसायक्लीन ती वाढच रोखते, म्हणून ही जोडी विनाकारण जुळवत नाहीत.

दात आणि हाडे घडत असताना हे औषध कॅल्शियमसोबत त्यांत जाऊन बसते. त्यामुळे गर्भवती आणि आठ वर्षांखालची मुले यांना ते एरवी टाळतात. लेप्टोच्या प्रतिबंधासाठी त्यांना ॲझिथ्रोमायसिन देतात. जुन्या टेट्रासायक्लीनइतके दात यात पिवळे पडत नाहीत, आणि स्क्रब टायफससारख्या जिवावरच्या तापात लहान मुलांनाही थोड्या दिवसांसाठी ते दिले जाते. मोठ्यांना त्रास होतो तो बहुधा उन्हाचा : औषध चालू असताना त्वचा लवकर भाजते, लाल होते. लावणीसाठी शेतात उतरणाऱ्याने पावसाच्या उघडिपीतही पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर काहीतरी ठेवावे.