चार खांब आणि एक व्यासपीठ

पोलंडच्या ईशान्येकडील टिकोचिन या छोट्या गावात १६४२ साली बांधलेले ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, आजही उभे आहे. त्याच्या चौरस दालनात ऐन मध्यभागी चार जाड खांब जवळजवळ उभे आहेत. मधली जागा अडवणारी ही रचना कशासाठी?

उत्तर छतात आहे. दगड-विटांचे बांधकाम दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. म्हणून असे छत कमानीच्या आकाराचे करतात. पण कमान टेकूंना बाहेर रेटते. वर्गात हे करून पाहता येईल. दोन पुस्तकांमध्ये जाड कागदाची पट्टी कमानीसारखी वाकवून बसवा आणि वरून दाबा. पुस्तके सरकतील.

टिकोचिनला मधल्या खांबांमुळे प्रत्येक कमानीचा पल्ला कमी झाला. खांबांवर समोरासमोरचे रेटे एकमेकांना तोलून धरतात. बाहेरचा रेटा जाड भिंती सोसतात.

तोरा हा धर्मग्रंथ ज्या उंच व्यासपीठावरून वाचतात त्याला बिमा म्हणतात. वाचन सर्वांना ऐकू जावे म्हणून तो मध्यभागी असे. गवंड्यांनी त्याला खांबांच्या मधोमध बसवले. छताचा आधार आणि उपासनेचे केंद्र एकाच जागी आले.

ऑगस्ट १९४१ मध्ये नाझींनी गावातील बहुतेक सर्व ज्यूंना जवळच्या जंगलात गोळ्या घातल्या. इमारत वाचली, १९७० च्या दशकात तिची दुरुस्ती झाली. आता तेथे संग्रहालय आहे. छत तोलणारे खांब आहेत, बिमाही आहे. तेथे वाचणारा समाज उरला नाही.