आभाळाखालचे कुंड : पुण्याच्या ‘आयुका’ची वास्तू

जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान महामार्गावर वसलेले नशिराबाद आज बाहेरच्या माणसाला बहुधा तिथल्या सिमेंटच्या कारखान्यामुळे ठाऊक असते. क्लिंकर, म्हणजे चुनखडी भट्टीत भाजून तयार झालेले टणक खडे, दळून तिथे सिमेंट बनते. आणि विसाव्या शतकातील ज्या बांधणीला आधुनिकतावादी वास्तुकला म्हणतात, तिची बरीचशी भिस्त याच राखाडी भुकटीवर आणि लोखंडी सळ्यांवर होती. नक्षी, महिरपी, शोभेचे खांब बाजूला सारून इमारतीने आपले काम आणि आपले साहित्य उघडपणे दाखवावे, हा त्या विचाराचा गाभा होता. भारतात त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ल कॉर्बुझिए यांनी चंडीगडमध्ये उभारलेला कॅपिटॉल परिसर, ज्याचा युनेस्कोने २०१६ मध्ये जागतिक वारशात समावेश केला. खानदेशातील पर्यटकाला मात्र त्याच विचाराची अधिक मुरलेली आणि इथल्या हवापाण्याशी जुळवून घेतलेली वास्तू पुष्कळ जवळ, पुणे विद्यापीठाच्या आवारात पाहता येते. ती म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी केंद्र, अर्थात ‘आयुका’.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये हे केंद्र स्थापन केले आणि कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक झाले. देशभरातील विद्यापीठांत काम करणाऱ्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना एकत्र येऊन संशोधन करता यावे, हा केंद्राचा हेतू असल्यामुळे त्याच्या इमारतीत प्रयोगशाळांइतकेच महत्त्व माणसांच्या भेटीगाठींना होते. आराखड्याचे काम चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांच्याकडे आले. गोव्याच्या कुळातील, अमेरिकेत शिकून मुंबईत काम करणाऱ्या या वास्तुविशारदाने १९६३ मध्ये साबरमतीचे गांधी संग्रहालय आणि पुढे पणजीची कला अकादमी, मुंबईतील कांचनजंगा ही उंच इमारत अशा वास्तू उभ्या केल्या होत्या. उष्ण देशात चार भिंतींच्या खोलीइतकीच उघड्या आभाळाखालची जागाही राहण्याची आणि काम करण्याची जागा असते, हे त्यांच्या साऱ्या कामामागचे सूत्र. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक रात्री मातीच्या सपाट धाब्यावर अंथरुणे टाकून झोपत आले, त्या खानदेशाला हे सूत्र समजावून सांगावे लागत नाही.

आयुकाच्या बाहेरच्या भिंतींचा रंग काळा आहे, पण तो एकच काळा नव्हे. खाली स्थानिक बेसॉल्टचा, म्हणजे दख्खनच्या पठारावर थिजलेल्या लाव्ह्यापासून झालेल्या खडकाचा, खडबडीत थर आहे. त्यावर अधिक गडद कडाप्पा फरशी आणि सर्वांत वर झिलई केलेला काळा ग्रॅनाइट. भिंतीच्या पायाशी नजर दगडाच्या खरखरीत पोतावर अडते आणि जसजशी वर जाते तसतसा दगड गुळगुळीत होत जाऊन शेवटी त्यात ढगांचे आणि आभाळाचे प्रतिबिंब दिसू लागते, म्हणजे जिथे भिंत संपायची तिथेच आकाश सुरू होते. अंतराळाचा अथांग काळोख सुचवण्यासाठी कोरियांनी ही योजना केली. पाहणाऱ्याने हे सर्व घाईने ओलांडू नये. ज्या खडकाच्या झिजेतून खानदेशातील कपाशीची काळी जमीन तयार झाली, तोच खडक इथे विश्वरचनेबद्दल बोलतो आहे, ही गोष्ट थांबून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

परिसराच्या मध्यभागी मोठा चौक आहे आणि त्याचे रूप कुंडाचे आहे. देवळापुढच्या बारवेत किंवा पुष्करणीत पायऱ्या उतरताना भोवतालचा गलबला मागे पडतो, तसा इथेही पडतो. फरक इतकाच की तळाशी पाण्याऐवजी हिरवळ आणि दगड आहेत, आणि त्यांची मांडणी मध्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या ऊर्जेची, प्रसरण पावणाऱ्या विश्वाची आठवण देते. या कुंडाशी आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. संशोधकांना एका विभागातून दुसऱ्याकडे जाताना या मोकळ्या जागेच्या कडेने जावे लागते, आणि जाता जाता होणारे बोलणे हेच अशा केंद्राचे अर्धे काम असते. कोरियांचे खरे कर्तृत्व इथल्या कोणत्याही एका इमारतीपेक्षा या मोकळ्या जागेत आहे. इमारतीच्या एका घुमटाला बारीक छिद्रे ठेवलेली असून दिवसा त्यांतून झिरपणारा उजेड ताऱ्यांसारखा दिसतो.

आवारातील फुको लंबकापाशी मात्र अधिक वेळ काढायला हवा. लेऑं फुको यांनी १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये टांगलेल्या लंबकाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आकाशाकडे न पाहता सिद्ध केले होते. लांब तारेला टांगलेला जड गोळा एका रेषेत झुलत राहतो, त्याच्याखालची जमीन हळूहळू वळत जाते आणि पाहणाऱ्याला वाटते की झुलण्याची रेषाच फिरते आहे. ध्रुवावर ही रेषा सुमारे एका दिवसात पूर्ण फेरा घेते, विषुववृत्तावर मुळीच फिरत नाही, आणि मधल्या ठिकाणी तिचा वेग त्या गावाच्या अक्षांशावर ठरतो. पुण्यात एका फेऱ्याला सुमारे ७५ तास लागतात, म्हणजे तासाला जेमतेम पावणेपाच अंश. हाच लंबक नशिराबादला टांगला तर उत्तरेकडील अधिक अक्षांशामुळे फेरा सुमारे ६७ तासांत पुरा होईल. अर्धा तास शांतपणे उभे राहिले तर रेषा सरकल्याचे डोळ्यांना कळते.

आयुकातील एका व्याख्यानकक्षाला भास्कराचार्यांचे नाव आहे, आणि तिथे खानदेशाचा धागा थेट जुळतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख, जो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास अभ्यासकांपुढे आणला, सांगतो की यादव राजा सिंघणाच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, आणि त्या मठाला स्थानिक निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये दान दिले. या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. राजसत्तेच्या पैशातून खगोलशास्त्र शिकवणारी आणि दुसऱ्या पिढीकडे सोपवणारी संस्था आठशे वर्षांपूर्वी जळगाव जिल्ह्यातच होती. पुण्याची वास्तू पाहण्यापूर्वी पाटणला जाऊन आलेल्या माणसाला आयुका परकी वाटत नाही. त्याच कामाला विसाव्या शतकाने दिलेले घर म्हणून तो ती पाहू शकतो. भुसावळ–मनमाड लोहमार्गावर चाळीसगाव असल्यामुळे ही वाकडी वाटही फार लांबची नाही.

आयुका ही संशोधकांच्या कामाची जागा असल्यामुळे भेटीची विचारणा आधी करणे योग्य. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, दारे सर्वांसाठी खुली असतात आणि त्या दिवशी आवार शाळकरी मुलांनी फुलून जाते. मुलांसाठीचे ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ हे केंद्र ज्या ‘पुलस्त्य’ इमारतीत आहे, ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. तिथे अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे काड्यापेटी, स्ट्रॉ, जुन्या वर्तमानपत्रांतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. खानदेशातील शाळांच्या सहली पुण्यात आल्या की शनिवारवाडा आणि सिंहगड पाहून परततात. त्या यादीत आयुकाचे नाव घालण्यासाठी फारसा खर्च लागत नाही, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी विद्यार्थ्यांसाठी होणारी प्रात्यक्षिक-व्याख्याने लक्षात घेऊन सहलीचा दिवस ठरवला, तर मुलांना वास्तू आणि तिच्यात चालणारे काम ही दोन्ही एकाच फेरीत पाहता येतील.