उतरणे, राहणे आणि बिऱ्हाड : अल्पकालीन घरभाड्याची परिभाषा

‘पुण्यात कोठे राहता?’ आणि ‘पुण्यात कोठे उतरला आहात?’ हे दोन प्रश्न मराठी माणूस सहसा एकाच व्यक्तीला विचारीत नाही. दुसऱ्या प्रश्नात परत जाणे गृहीत धरलेले असते. ‘बिऱ्हाड’ हा तिसरा शब्द अधिक बोलका आहे. राहण्याची जागा, त्या जागेतील कुटुंब आणि त्याचे सामानसुमान या तिहींना तो एकत्र कवेत घेतो. म्हणूनच विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असू शकते आणि भाडेकरूला ‘बिऱ्हाडकरू’ म्हणता येते. महाबळेश्वर, अलिबाग किंवा गोव्यात दोन-चार रात्रींसाठी सुसज्ज घर देण्याचा जो व्यवसाय आज वाढला आहे, त्यात हे नाते उलटते. खाट, गाद्या, भांडी, शेगडी ही सर्व मालकाची. येणारा केवळ कपड्यांची पिशवी घेऊन येतो. त्याला भाडेकरू म्हणावे की पाहुणा, हा प्रश्न वरवर कोशकाराचा वाटला तरी उत्तरावर घराचा ताबा अवलंबून असतो.

कायद्याने हा भेद दोन स्वतंत्र अधिनियमांत केला आहे. दोन्ही 1882 सालचे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 105 प्रमाणे भाडेपट्ट्याने उपभोगाचा हक्कच हस्तांतरित होतो. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 52 मधील अनुज्ञप्ती ही मात्र निव्वळ परवानगी होय. तिच्यामुळे जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. अनुज्ञप्ती नसती तर जे कृत्य बेकायदा ठरले असते, ते तिच्यामुळे तसे ठरत नाही, एवढाच तिचा अर्थ. आपल्या बोलीतील ‘राहणे’ पहिल्याच्या जवळ जाते, ‘उतरणे’ दुसऱ्याच्या.

परंतु करारनाम्यावर कोणते नाव घातले, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातील जागेसंबंधी 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या दाव्यात न्या. सुब्बा राव यांनी दस्तऐवजाच्या रूपापेक्षा त्याचा आशय महत्त्वाचा मानला. ‘अनुज्ञप्ती’ म्हणून लिहिलेला लेख त्यांनी भाडेपट्टा ठरविला. इंग्लंडात स्ट्रीट विरुद्ध माउंटफोर्ड (1985) या निकालात लॉर्ड टेंपलमन यांनी हाच विचार एका मार्मिक दृष्टान्ताने मांडला. जमीन खणण्यासाठी पाच दातांचे अवजार घडविणाऱ्याने आपण फावडेच केले असा कितीही आग्रह धरला, तरी ते दाताळेच राहते. शब्दार्थविचारात संज्ञा आणि वस्तू यांच्या संबंधाबद्दल आपण पाने खर्ची घालतो. हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे. त्याच निकालात सेवा पुरविण्यासाठी मालकाला जागेत निर्वेध प्रवेश असणे हे ‘लॉजर’चे लक्षण मानले आहे. चादरी बदलणे, झाडलोट करणे, एक किल्ली स्वतःकडे ठेवणे या क्षुल्लक भासणाऱ्या गोष्टींतून ताबा मालकाकडेच राहिल्याचे दिसते, ते यामुळे.

महाराष्ट्रात या भेदाला कडवट इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण भाडेकरूला असल्याने मालक ‘लीव्ह अँड लायसन्स’कडे वळले. पुढे 1973 च्या दुरुस्तीने त्या वर्षी 1 फेब्रुवारीस करार चालू असलेल्या अनुज्ञप्तिधारकांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. एका तारखेने ‘उतरलेले’ लोक ‘राहणारे’ झाले! घर कुलूपबंद ठेवू पण देणार नाही, या वृत्तीचे एक मूळ येथे आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने कलम 24 खाली मुदत संपताच निवासी जागा परत मिळविण्याची वाट दिली आणि कलम 55 ने लेखी, नोंदणीकृत करार आवश्यक केला. अकरा महिन्यांची रूढी नोंदणी टाळण्यासाठी पडली होती. कारण गेले, आकडा मात्र राहिला. भाषेतही असे पुष्कळ घडते.

याच कायद्यात ‘पेइंग गेस्ट’ची व्याख्या आहे. अनुज्ञप्ती देणारा स्वतः ज्या जागेत राहतो, तिचाच भाग ज्याला दिला जातो तो पेइंग गेस्ट. मुंबईत राहून अलिबागचे संपूर्ण बंगलेवजा घर देणाऱ्याला या संज्ञेचा आश्रय घेता येत नाही. राज्याच्या पर्यटन महामंडळाने आपल्या योजनेस दिलेले ‘न्याहारी व निवास’ हे नाव मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण ते व्यक्तीला नाव न देता सेवेला देते. 2008 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एअरबीएनबीचे नावही हवेची गादी आणि न्याहारी यांवरूनच आले; पण तिच्या व्यवहारात मालक ‘होस्ट’ आणि ग्राहक ‘गेस्ट’ झाला. मराठीत त्यांची भाषांतरे ‘यजमान’ आणि ‘पाहुणा’ अशी होतात. ‘पाहुणा’ हा संस्कृत ‘प्राघुण’चा प्राकृतातून आलेला वंशज, ‘यजमान’ म्हणजे मूळचा स्वतःसाठी यज्ञ करविणारा, अर्थात दक्षिणा देणारा. येथे तो दक्षिणा घेतो, हा अर्थविकास नोंद करण्यासारखा आहे.

प्रचलित मराठी करारनाम्यांत एका कलमात ‘भाडे’, दुसऱ्यात ‘परवाना शुल्क’, तिसऱ्यात ‘भाडेकरू’ असे शब्द सर्रास एकत्र आढळतात. वाद उद्भवल्यास विरुद्ध पक्षाचा वकील प्रथम याच शब्दांवर बोट ठेवील.