मुंबई ते दुबई : अंतर आणि घड्याळ

मुंबईहून सकाळी १० वाजता निघालेले विमान दुबईस तेथील घड्याळाप्रमाणे ११-३० वाजता उतरले, तर प्रवास किती वेळ चालला? ‘दीड तास’ असे उत्तर पुष्कळ विद्यार्थी देतात. त्यांची वजाबाकी बिनचूक असते. म्हणून लाल फुली मारून पुढे जाणे अन्यायाचे होय.

या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरल्यास तो साडेचार सेंटिमीटर भरतो. एवढे अंतर तोडण्यास विमानास सुमारे तीन तास लागतात. मग दीड तास गेला कोठे?

देवणीच्या मुलांस हे पटवावयाचे, तर आरंभ शाळेच्या अंगणापासून करावा. देवणी मुंबईच्या पूर्वेस सुमारे ४ अंशांवर आहे. पृथ्वीस एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. त्यामुळे अंगणात रोवलेल्या काठीची सावली सर्वांत आखूड होते, त्यानंतर पाव तासाहून थोड्या अधिक वेळाने मुंबईस मध्यान्ह होते. घड्याळे मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवितात, कारण सर्व भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची आहे. दुबईची प्रमाणवेळ ६० पूर्व रेखांशाची. फरक साडेबावीस अंश, म्हणजे ९० मिनिटे. तेथील घड्याळ तितके मागे असते.

परतीचे उदाहरणही अवश्य घालावे. दुबईहून दुपारी १ वाजता सुटलेले विमान मुंबईस ५-१५ वाजता उतरले, तर प्रवास पावणेतीन तासांचा. हिवाळ्यात उंचावरील पश्चिमेचे वारे पाठीशी असल्याने येताना वेळ थोडा वाचतो.