जत्रेतलं भज्यांचं दुकान आणि तीन कागद

संशोधन प्रस्तावांमध्ये एक विषय फिरून फिरून येतो: ‘अमुक तालुक्यातील यात्रांमधील खाद्यविक्रेत्यांच्या अन्नसुरक्षाविषयक जागरूकतेचा अभ्यास’. सोबत प्रश्नावली असते आणि तिच्यात हमखास एक प्रश्न असतो: ‘तुमच्याकडे परवाना आहे का? होय / नाही.’ मग शंभर प्रश्नावल्या, टक्केवारी, आणि शेवटी ‘विक्रेत्यांमध्ये जागरूकता वाढवणे गरजेचे आहे’ हा निष्कर्ष.

विषय चांगलाच आहे. अडचण त्या एका प्रश्नात आहे. तुम्ही ‘परवाना’ म्हणता तेव्हा तुमच्या डोक्यात अन्न व औषध प्रशासन असतं. भजीवाला ‘हो, आहे की’ म्हणतो आणि खिशातून सकाळी फाडलेली पावती काढून दाखवतो. दोघंही खरं बोलताय, पण वेगवेगळ्या कागदांबद्दल. म्हणून आधी हे कागद वेगळे करून बघू.

पहिला कागद: जागेची पावती

गावच्या जत्रेत पाल ठोकायचं तर जागेचे पैसे द्यावे लागतात. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला जत्रा-उत्सवांवर कर आणि बाजारावर फी बसवायचा अधिकार दिला आहे. अनेक ठिकाणी ही वसुली लिलाव करून ठेकेदाराला दिली जाते. काही ठिकाणी जागाच देवस्थानची असते, मग पावतीही त्यांची. ही पावती जागा आणि दिवस यांच्याशी बांधलेली असते. तेल कसलं, पाणी कुठलं, याबद्दल ती काहीच बोलत नाही.

दुसरा कागद: अन्नाची नोंदणी

अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधलं कलम ३१ मुळातून वाचा. खाद्यव्यवसायाला परवाना लागतो, हा सर्वसाधारण नियम. पण छोटा उत्पादक, फेरीवाला, फिरता विक्रेता, तात्पुरत्या स्टॉलचा धारक यांना त्यातून वगळलं आहे. त्यांनी फक्त नोंदणी करायची. म्हणजे जत्रेतल्या बहुतेक विक्रेत्यांना कायद्याच्या भाषेतला ‘परवाना’ लागतच नाही! प्रश्नावलीतला ‘नाही’ हा पर्याय त्यांना कायदा मोडणारे ठरवतो, आणि तो शब्दच चुकीचा आहे.

तपशील २०११च्या विनियमांत आहेत. मूळ मजकुरात छोट्या व्यावसायिकासाठी वार्षिक १२ लाख रुपये उलाढालीची मर्यादा आहे आणि नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये. प्रमाणपत्र आणि फोटो ओळखपत्र दुकानात, गाडीवर किंवा हातगाडीवर, जिथे विक्री चालते तिथे, दिसेल असं लावायचं. म्हणजे हा कागद व्यवसायाबरोबर फिरणारा आहे. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्नवाटप करणाराही (केटरर सोडून) याच व्याख्येत येतो. त्यामुळे तुमच्या नमुन्यात भजीवाला आहे आणि महाप्रसादाची पंगत नाही, तर ती निवड का केली हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

तिसरा कागद: शहरातलं विक्री प्रमाणपत्र

जत्रा नगरपरिषद किंवा महापालिकेच्या हद्दीत असेल तर पथविक्रेता अधिनियम, २०१४ लागू होतो. त्यात सर्वेक्षण आहे, विक्री प्रमाणपत्र आहे आणि नगर पथविक्रेता समिती आहे. या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. हा कायदा शहरांसाठी आहे, ग्रामपंचायतीच्या हद्दीत तो पोचत नाही. आणि त्याचं प्रमाणपत्र त्या शहरात नेहमी धंदा करणाऱ्यासाठी असतं. वर्षभर या जत्रेतून त्या जत्रेत फिरणारा माणूस त्या शहराच्या सर्वेक्षणात सापडेलच असं नाही.

आता पाण्याकडे या

हे तीन कागद शेजारी ठेवले की एक फट दिसते. माझ्या मते खरा संशोधन प्रश्न त्या फटीत आहे.

२०११च्या विनियमांचं चौथं परिशिष्ट विक्रेत्याकडून काय मागतं? पिण्यायोग्य पाणी वापरा, हात स्वच्छ ठेवा, कचऱ्यासाठी झाकणाचा डबा ठेवा, उघडी गटारं आणि सांडपाणी यांच्यापासून लांब विक्री करा. हातांची स्वच्छता आणि डबा विक्रेत्याच्या हातात आहे. पण पाणी? ते पंचायतीने मागवलेल्या टँकरचं किंवा गावातल्या विहिरीचं. दुकान गटाराजवळ लागणार की लांब, हे जागा आखून देणारा ठरवतो. अन्नाची जबाबदारी एकाच्या नावावर आणि ती पार पाडायची साधनं पैसे घेऊन जागा देणाऱ्याकडे, असा हा मामला आहे.

जागेचा निर्णय किरकोळ नसतो. २५ जानेवारी २००५ रोजी साताऱ्याजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत सुमारे ३०० भाविक गेले. वाट चिंचोळी, तिच्या कडेने दुकानं, त्या दुकानांना आग लागली आणि गॅस सिलिंडर फुटले. नंतर न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. जत्रांवर काम करणार असाल तर असे चौकशी अहवाल तुमच्यासाठी पहिल्या दर्जाचं साधन आहेत.

वेळेचंही गणित बघा. २०११च्या मूळ विनियमांत नोंदणीच्या अर्जावर निर्णय घ्यायला किंवा तपासणीची नोटीस द्यायला ७ दिवस आहेत, आणि तपासणी ठरली तर ३० दिवस. जत्रा दोन-तीन दिवसांत उठते. त्याच विनियमांनी एक दारही उघडं ठेवलंय: राज्याचे अन्नसुरक्षा आयुक्त पंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या अधिकाऱ्यालाही नोंदणी प्राधिकारी म्हणून अधिसूचित करू शकतात. तुमच्या तालुक्यात ते दार वापरलं गेलंय का? हा छोटा, उत्तर मिळण्याजोगा आणि उपयोगी प्रश्न आहे.

प्रस्तावात काय बदलाल?

१. ‘परवाना आहे का?’ ऐवजी विचारा: ‘इथे दुकान लावायला कुणाकुणाला भेटावं लागलं? काय काय कागद मिळाले?’ कागद बघा, नाव तुमचं तुम्ही द्या.

२. विश्लेषणाचं एकक आधी ठरवा: विक्रेता, जत्रा की जागा? तीन कागद तीन वेगळ्या एककांना चिकटलेले आहेत. ते एकाच तक्त्यात कोंबू नका.

३. मुलाखतीच्या यादीत ग्रामसेवक, वसुलीचा ठेकेदार, देवस्थानचे विश्वस्त, टँकरवाला आणि अन्नसुरक्षा अधिकारी हवेत.

४. नियमाची तारीख लिहा. मर्यादा, शुल्क, मुदत यांत दुरुस्त्या होत असतात. क्षेत्रकार्याच्या दिवशी लागू असलेला मजकूर राजपत्रातून घ्या, कुणाच्या जुन्या प्रबंधातून नको.

५. विक्रेत्याचं नाव, दुकानाची नेमकी जागा आणि ‘नोंदणी नाही’ हे तिन्ही एका पानावर लिहू नका. ते पान चुकीच्या हातात पडलं तर तुमची टिपणवही कारवाईची यादी होते, आणि त्या माणसाचा हंगाम जातो.

‘जागरूकता नाही’ असा निष्कर्ष निघाला की पुढे प्रशिक्षण आणि दंड येतात. टँकर मात्र तसाच राहतो, आणि पुढच्या वर्षी त्याच पाण्याचा सरबत पोरं पितात. तुमच्या प्रश्नात टँकर असेल तरच तो तुमच्या उत्तरात येईल. जवळच्या पुढच्या जत्रेला वही घेऊन जा, आणि भज्यांच्या आधी पाण्याचा माग काढा.