पाच सेंट इकडे, दहा सेंट तिकडे



समर पिकनिक संपली की ग्रिल धुण्यापासून उरलेली भेळ वाटण्यापर्यंत सगळी कामं उरकतात, पण सोड्याच्या रिकाम्या कॅनच्या पिशव्या मात्र कुणाच्या तरी गराजमध्ये जाऊन बसतात. मागे एकदा त्या आमच्याकडे आल्या. साधारण सहाशे कॅन होते. पुढच्या मीटिंगमध्ये सूचना आली, "आपल्या न्यू जर्सीत यांचे काहीच मिळत नाहीत, पण नदीपलीकडे न्यू यॉर्कमध्ये कॅनमागे पाच सेंट मिळतात. कॅनवर तसं छापलेलंच आहे! देऊन येऊ या, मंडळाच्या खात्यात तेवढीच भर." त्यावर कुणीतरी म्हणालं, "मग मिशिगनलाच न्या, तिथे दहा सेंट आहेत!" सगळे हसले.

सूचना चांगल्या हेतूनेच आली होती. पण "यात चूक काय?" या प्रश्नाचं उत्तर मीटिंगमध्ये कुणालाच नीट देता आलं नाही, आम्हालाही नाही. म्हणून घरी येऊन थोडा गृहपाठ केला. तो सगळ्यांच्या उपयोगाचा वाटला, म्हणून हा लेख.

डिपॉझिट म्हणजे नक्की काय?

लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानातून थम्स अपची काचेची बाटली घरी आणायची तर दुकानदार डिपॉझिट ठेवून घ्यायचा. बाटली परत केली की पैसे परत. इथलीही कल्पना तीच आहे, फरक इतकाच की बाटली धुऊन पुन्हा भरण्याऐवजी बहुतेक वेळा ती वितळवली जाते.

न्यू यॉर्कचं उदाहरण घेऊ. वितरक दुकानदाराकडून कॅनमागे पाच सेंट घेतो. दुकानदार ते आपल्याकडून घेतो, आणि पावतीवर ती ओळ वेगळी दिसते. आपण रिकामा कॅन परत केला की दुकानदार आपल्याला पाच सेंट देतो. वितरक ते पाच सेंट दुकानदाराला परत देतो, शिवाय हाताळणीचे साडेतीन सेंट देतो. म्हणजे एक चक्र पूर्ण होतं. कॅन कचऱ्यात गेला तर पाच सेंट वितरकाकडे पडून राहतात. अशा न परतलेल्या डिपॉझिटपैकी ८० टक्के रक्कम २००९ पासून राज्य सरकारकडे जाते.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. क्वीन्समधून एडिसनला राहायला आलो तेव्हा कॅनची एक पिशवी सोबत आली होती. पुढे जर्सीत घेतलेले कॅनही आम्ही त्याच पिशवीत टाकत गेलो आणि एकदा क्वीन्सला मित्राकडे जाताना सगळे मशीनमध्ये घालून आलो. मशीनने एकही कॅन नाकारला नाही. परत येताना गाडीत घरातूनच प्रश्न आला, "पण यातल्या निम्म्या कॅनचे पाच सेंट आपण भरले कुठे होते?" ग्रोसरीची पावती काढून पाहिली. खरंच, डिपॉझिटची ओळच नव्हती. आम्ही जे 'परत' घेतलं होतं, ते मुळात दिलेलंच नव्हतं.

कुठे किती?

आज पन्नासपैकी दहाच राज्यांत असा कायदा आहे. ओरेगॉनचा १९७१ साली मंजूर झाला आणि १९७२ पासून लागू आहे. डेलावेअरमध्येही डिपॉझिट होतं, पण तिथे ते २०१० मध्ये बंद झालं. सध्याचे दर असे:

- १० सेंट: मिशिगन, ओरेगॉन (२०१७ पासून), कनेक्टिकट (२०२४ पासून)
- ५ सेंट: न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स, आयोवा, हवाई
- ५ सेंट, पण दारूच्या बाटलीला १५: व्हरमाँट आणि मेन (मेनमध्ये वाइनलाही १५)
- कॅलिफोर्निया: २४ औंसांपेक्षा लहान असेल तर ५, त्याहून मोठी असेल तर १०

कुठल्या पेयांवर डिपॉझिट आहे तेही सगळीकडे सारखं नाही. न्यू यॉर्कमध्ये पाण्याच्या बाटलीवर डिपॉझिट आहे, मॅसॅच्युसेट्स आणि मिशिगनमध्ये नाही. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना, न्यू हॅम्पशायर, ॲरिझोना, वॉशिंग्टन या राज्यांत मुळात डिपॉझिटच नाही. नकाशा समोर ठेवा, म्हणजे गंमत लक्षात येईल. जवळपास प्रत्येक डिपॉझिटवाल्या राज्याला एक बिनडिपॉझिटवाला शेजारी आहे.

क्रेमरचं गणित आणि आमचं

ही युक्ती काही आपल्याच कमिटीला सुचली असं नाही. 'साइनफेल्ड' पाहिलेल्यांना १९९६ चा तो भाग आठवत असेल. क्रेमर आणि न्यूमन न्यू यॉर्कच्या पाच सेंटच्या बाटल्या मिशिगनला नेऊन दहा सेंट मिळवायचा बेत करतात. पेट्रोल, टोल आणि ट्रकचं भाडं धरलं की गणित जमत नाही. मदर्स डेच्या जादा टपालासाठी पोस्टाचा ट्रक फुकट मिळतो, तेव्हाच ते जमतं. अर्थात तरीही ते मिशिगनला पोचत नाहीतच.

आम्ही इंजिनिअर, तेव्हा आकडे मांडल्याशिवाय चैन पडेना. कॅन चेपून चालत नाहीत, कारण मशीनला बारकोड वाचता यायला हवा. मिनीव्हॅनच्या मागच्या सीट काढून पिशव्या कोंबल्या तर आमच्या अंदाजाने तीनेक हजार कॅन मावतील, म्हणजे तीनशे डॉलर्स. एडिसनहून डेट्रॉइटला जाऊन-येऊन बाराशे मैल होतात. गॅलनला २२ मैल आणि तीन डॉलर्स भाव धरला तर पेट्रोलचेच १६० डॉलर्सच्या वर गेले. त्यात टोल आणि एक रात्र हॉटेल धरा. शिवाय मिशिगनमध्ये दुकान एका माणसाला दिवसाला २५ डॉलर्सपर्यंतच, म्हणजे अडीचशे कॅनचेच पैसे देऊ शकतं. तीन हजार कॅनसाठी एका माणसाने बारा दिवस फिरायचं!

न्यू यॉर्कमध्ये दुकानं दिवसाला माणशी २४० कॅनची मर्यादा घालू शकतात. त्याचे होतात १२ डॉलर्स. जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजचा टोल आज त्याहून जास्त आहे. उत्तर जर्सीतून रॉकलंड काउंटीत टोल न भरता जाता येतं हे खरं, पण मग अर्धा शनिवार जातो.

मग कॅनवर सगळ्या राज्यांची नावं का छापतात?

अनेकांचा गैरसमज इथेच होतो. कॅनवर 'एमआय १० सेंट' असं वाचलं की वाटतं, हा कॅन मिशिगनमध्ये चालतो. खरं तर कंपनी देशभर विकायला एकच कॅन छापते, म्हणून त्यावर सगळ्या राज्यांचे दर येतात. तो कॅन त्या राज्यात विकला गेला असेल तरच तो दर लागू होतो.

मिशिगनने यावर तोड काढली होती. राज्यात विकल्या जाणाऱ्या कॅनवर मशीनला ओळखता येईल अशी वेगळी खूण असावी, असा कायदा २००८ मध्ये केला. पेय कंपन्यांची संघटना कोर्टात गेली आणि २०१३ मध्ये फेडरल अपील कोर्टाने तो नियम रद्दबातल ठरवला. मिशिगनचा नियम इतर राज्यांतल्या व्यापारावर हुकूम चालवतो आणि राज्यघटनेत ते बसत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. त्यामुळे आजही कॅन कुठे विकला गेला हे मशीनला कळत नाही. मशीन पैसे देतं याचा अर्थ कायदा परवानगी देतो असा होत नाही.

कायदा काय म्हणतो?

हा भाग जरा सावकाश वाचा. न्यू यॉर्कमध्ये डिपॉझिट भरलेलं नाही हे माहीत असताना ४८ पेक्षा जास्त रिकाम्या बाटल्या किंवा कॅन परत केले, तर नगामागे १०० डॉलर्सपर्यंत किंवा प्रत्येक खेपेला २५,००० डॉलर्सपर्यंत दंड होऊ शकतो. आपले सहाशे कॅन विकून मिळणार होते तीस डॉलर्स!

मिशिगनमध्ये तर हा फौजदारी गुन्हा आहे. बाहेरचे शंभर ते दहा हजार नग परत केले तर ९३ दिवसांपर्यंत कैद आणि १,००० डॉलर्सपर्यंत दंड. दहा हजार किंवा त्याहून जास्त असतील तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलर्सपर्यंत दंड.

कायदे एवढे कडक का, हे मोठी प्रकरणं पाहिली की कळतं. मिशिगनमध्ये २००७ साली 'ऑपरेशन कॅन स्कॅम' नावाने कारवाई झाली. ओहायोतले कॅन आणून काही दुकानदारांना स्वस्तात विकले जात होते, आणि दुकानदार ते आपल्याकडेच परत आल्याचं दाखवून पूर्ण रक्कम वसूल करत होते. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच कुटुंबातल्या आठ जणांवर आरोप ठेवले गेले. ॲरिझोनातून सुमारे १७८ टन माल आणून ७६ लाख डॉलर्स लाटल्याचा तो आरोप होता. कनेक्टिकटने २०२४ मध्ये दर दहा सेंट केला, पण शेजारच्या न्यू यॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये तो पाचच राहिला. मग व्हायचं तेच झालं. बाहेरचा माल इतका येऊ लागला की २०२५ मध्ये विधिमंडळाला दंड वाढवावा लागला.

आपल्यातले बरेच जण व्हिसावर आहेत किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. नागरिकत्वाच्या अर्जात अटक झाली होती का, समन्स मिळालं होतं का, असे प्रश्न सरळ विचारले जातात. फसवणुकीच्या आरोपाकडे तिथे पार्किंगच्या तिकिटासारखं पाहत नाहीत. आम्ही वकील नाही, पण पाच सेंटसाठी हा ससेमिरा मागे लावून घेऊ नये, इतकं कळतं.

पण कुणाचं नुकसान होतं?

मीटिंगमधला खरा प्रश्न हाच होता. वर सांगितलेलं चक्र आठवा. जर्सीचा कॅन न्यू यॉर्कमध्ये परत केला तर वितरकाच्या खिशातून पाच आणि साडेतीन असे साडेआठ सेंट जातात, पण त्याने त्या कॅनवर घेतलेलं काहीच नसतं. मिशिगनमध्ये न परतलेल्या डिपॉझिटचा तीन चतुर्थांश वाटा राज्याकडे जातो आणि मुख्यतः प्रदूषित जागांच्या साफसफाईसाठी वापरला जातो, उरलेला दुकानदारांना मिळतो. बाहेरून आलेला प्रत्येक कॅन त्या पैशातून दहा सेंट काढून नेतो.

योजना मात्र खरोखर चांगली आहे. ओरेगॉनमध्ये २०१५ मध्ये जेमतेम ६४ टक्के बाटल्या परत येत होत्या. पाचाचे दहा सेंट केल्यावर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. लोक डिपॉझिटच्या भरवशावर बाटली परत आणतात. तो भरवसा पोकळ झाला तर योजनाच बंद पडेल.

मग करायचं काय?

१. डिपॉझिटवाल्या राज्यात राहत असाल तर पावतीवरची ओळ बघा आणि आपले हक्काचे पैसे जरूर परत घ्या. ते सोडून देण्यात मोठेपणा नाही.

२. मिशिगनमध्ये घेतलेले कॅन ओहायोला घरी आणले असतील तर पुढच्या खेपेला बिनदिक्कत परत न्या. डिपॉझिट तुम्ही भरलेलं आहे. फक्त घरच्या कॅनमध्ये मिसळू नका, पिशवी वेगळी ठेवा.

३. डिपॉझिटवाल्या राज्यातल्या मंडळांनी कार्यक्रमाचं पेयपाणी तिथेच घ्यावं आणि रिकामे कॅन गोळा करायचं काम मुलांकडे द्यावं. मिळालेले पैसे बालविभागाला द्यावेत, मुलं आनंदाने पळतात.

४. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी ॲल्युमिनियमचे कॅन भंगारवाल्याला वजनावर विकता येतात. पौंडात साधारण ३२ कॅन बसतात. भाव रोज बदलतो, पण पैसे सरळ मार्गाने मिळतात.

आमच्या गराजमधले सहाशे कॅन शेवटी भंगारातच गेले. वजन भरलं एकोणीस पौंड आणि हाती आले दहा डॉलर्सच्या आसपास. तीस नाही मिळाले. पण खजिनदारांनी ते हिशेबात लिहिले तेव्हा 'कुठून आले?' या रकान्यात काय भरायचं, असा प्रश्न कुणाला पडला नाही.

तर मंडळी, पुढच्या पिकनिकला भेटूच. रिकाम्या कॅनसाठी यंदा दुसऱ्या कुणाचं तरी गराज शोधा, एवढीच नम्र विनंती!